आत्याचं माप

सोमवार, ४ मे

आजपासून फळा माझ्याकडे आला.

किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी तो काळा फळा आहे. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, रोज सकाळी त्यावर समुद्राचा अंदाज लिहायचा. लाट केवढी, वारा कुठून, भरती कधी, पाण्याला ओढ कुठे, ऊन किती. सर्फिंग करणारे, पोहणारे, नुसते पाय भिजवणारे, सगळे तो वाचूनच खाली उतरायचे. थंडीत धाकटा गेला. समुद्राने त्याचं काही केलं नाही. जेवून खुर्चीत बसला होता, तसाच गेला.

काल भावजय म्हणाली, "ताई, माझी सर्फिंगची शिकवणी सुरू झाली. नवशिक्यांना पाण्यात सांभाळू की फळा लिहू? तुम्ही लिहा ना."

"अगं, मला पोहता येत नाही."

"फळ्याला कुठे पोहायचंय?"

मागे खुर्चीवर पाय घेऊन बसलेली तिची मुलगी, माझी भाची, म्हणाली, "आत्या, लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट लिहायचीस, आता समुद्राचा लिही. त्याला सुई टोचावी लागत नाही."

दोघी हसल्या. मीही हसले. धाकट्याच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट मीच केला होता. सगळे आकडे जागच्या जागी होते. फोन करून त्याला "ठणठणीत आहेस" असं मीच सांगितलं होतं. त्यानंतर आठवडाही गेला नाही.

हो म्हणाले खरी. तेव्हापासून भरतीचं कोष्टक तीनदा तपासलं.

बुधवार, ६ मे

इथे लाट मीटरमध्ये सांगत नाहीत. अंगावर सांगतात. घोटा, गुडघा, कंबर, खांदा, डोकं. मोजायची रीत धाकट्याने मला एकदा दाखवली होती. पाण्याच्या कडेला उभं राहायचं आणि लाटेचा माथा मागच्या क्षितिजाला टेकलेला दिसेपर्यंत हळूहळू खाली वाकायचं. तेव्हा डोळा जेवढ्या उंचीवर असेल तेवढी लाट.

माझे गुडघे कुरकुरतात, आणि वाकल्यावर आपली कंबर कुठे होती ते कळत नाही. म्हणून एक बांबू आणला. त्याला पाठ लावून ताठ उभी राहिले आणि गुडघा, कंबर, खांदा, डोकं जिथे येतं तिथे भाचीकडून लाल रंगाच्या खुणा करून घेतल्या. आता बांबू वाळूत रोवायचा, वाकायचं, डोळ्यासमोर कोणती खूण आली ते पाहायचं आणि लिहायचं. अंदाजपंचे काही नको.

जीवरक्षकांचा मुख्य लांबून बघत होता. त्याला सगळे शिट्टी म्हणतात. "उंट तर काठीबिठी न घेता मोजायचा," म्हणाला. धाकटा दारातून वाकून यायचा, म्हणून किनाऱ्यावर त्याचं नाव उंट पडलं होतं. मी त्याच्या काखेत मावायचे.

फळ्यावर लिहिलं:

लाट खांदा. वारा समुद्राकडून, मध्यम. भरती दुपारी. ओढ दगडी बांधाच्या बाजूला. ऊन कडक, टोपी घालावी.

"आत्या, टोपीसुद्धा?" भाची म्हणाली.

लिहिलेलं बरं.

शनिवार, ९ मे



धाकट्याचा नियम मला पाठ आहे. कमरेएवढ्या लाटेपर्यंत नवशिक्यांना पाण्यात न्यायचं. खांदा असला की शिकवणी बंद. आज मी स्वच्छ अक्षरात "लाट खांदा" लिहिलं. थोड्या वेळाने परत येऊन पाहते तर भावजय सगळ्यांना घेऊन पाण्यात. भाचीपण आत. मी तशीच चपला हातात घेऊन धावले.

"फळा वाचला नाहीस का?"

"वाचला की, ताई. चालतंय एवढं."

एवढं म्हणजे केवढं? तासभर मी कडेला उभी राहून डोकी मोजत होते. एक डोकं लाटेआड गेलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. काही झालं नाही. दातांचा डॉक्टर यंदा नव्याने शिकायला आला आहे, तो तेवढा सारखा बोर्डवरून पडत होता. पडला की हात वर करून ओरडायचा, "अजून जिवंत आहे!" सगळे हसायचे. मला हे हसण्यावारी नेता येत नाही.

परत येताना शिट्टी म्हणाला, "ताई, कशाला जीवाला घोर लावून घेता? तुमचा खांदा म्हणजे आमची कंबर. आम्ही वजा करूनच वाचतो."

म्हणजे मी भित्री आहे आणि वाढवून लिहिते, असं त्यांनी धरून टाकलं आहे.

गुरुवार, १४ मे

भाचीने आज सांगितलं की किनाऱ्यावर "आत्या-माप" असा शब्द निघाला आहे. फोनवरच्या ग्रुपमध्ये कोणी लाटेबद्दल विचारलं की दुसरा विचारतो, "आत्या-मापाने की उंट-मापाने?"

"रागावू नकोस हं," म्हणाली. "प्रेमाने म्हणतात."

रागावले नाही. पण जेवण गेलं नाही. मी भित्री आहे, हे खरंच आहे. थंडीपासून तर फार. दार वाजलं तरी दचकते, भाचीला यायला उशीर झाला की गॅलरीत फेऱ्या घालते. पण फळ्यावर मी भीती लिहीत नाही. खूण जिथे असते तिथेच लिहिते. दोनदा बघून लिहिते.

कोणाला हे सांगायला गेले नाही. आपलं काम बरोबर असलं की बोलावं लागत नाही.

मंगळवार, १९ मे

आज एक गोष्ट लक्षात आली आणि बरं वाटलं. फार दिवसांनी.

भावजय दिवसभरासाठी बाजारात गेली होती. उन्हाने पत्रे तापले होते म्हणून मागची खोली उघडायला गेले. तिथे सर्फबोर्ड ठेवतात. दाराआड खुंटीवर धाकट्याचा थंडीत घालायचा रबरी सूट लटकत होता, पाय जमिनीला टेकलेले. मी त्याच्याजवळ उभी राहिले आणि डोक्यात उजेड पडला. सूटचा गुडघा माझ्या मांडीपाशी. सूटची कंबर माझ्या खांद्यापाशी. इतकी वर्षं हा किनारा "कंबर" म्हणतो ती धाकट्याची कंबर! मी मात्र माझी लिहीत होते. लॅबमध्ये एखाद्याने दुसऱ्याच एककात आकडे द्यावेत तसं झालं. भीतीचा प्रश्नच नव्हता. मापच वेगळं होतं.

सूट अंगणात आणून दोरीवर टांगला, पाय घोट्यापर्यंत येतील असा, आणि शेजारी बांबू धरला. जुन्या खुणा खरवडून काढल्या. धाकट्याचा गुडघा, कंबर, खांदा जिथे येतात तिथे नव्या केल्या. सूट मिठाने कडक झाला होता, बाह्यांत वाळू होती. गोड्या पाण्याने दोनदा खळबळून धुतला, सावलीत वाळवला आणि होता तसा खुंटीवर लावला. छान मऊ झाला.

कोणाला सांगितलं नाही. काय सांगायचं, की इतके दिवस चुकीचं लिहीत होते? फळा बरोबर झाला की आपोआप कळेल. आता कोणाला वजाबाकी करायला नको.

बुधवार, २० मे

लाट लहान. नव्या खुणेने "गुडघा" लिहिलं. शिट्टी पाण्यातून आला आणि म्हणाला, "ताई, आज कमी लिहिलंत? आम्हाला वाटलं घोट्याएवढंसुद्धा नसेल, पण मजा आली."

मी फक्त हसले. त्यांना सवय व्हायला थोडे दिवस लागतीलच. मनातून खूश झाले, ते इथे लिहून ठेवते.

शुक्रवार, २२ मे

उकाडा असह्य. पान हलत नाही. हवामानाच्या नकाशात खूप दूर, खोल समुद्रात, एक वादळ दिसतं आहे. ते इकडे येणार नाही. पण त्याने उठवलेल्या लाटा निघाल्या आहेत आणि उद्या पोचतील. धाकटा म्हणायचा, लांबून आलेली लाट घाई करत नाही. दोन-चार मोठ्या लाटांचा एक सेट येतो आणि मग इतका वेळ सगळं शांत असतं की माणूस विसरून जातो.

शनिवार आहे, गर्दी होणार.  भाचीला म्हटलं, "उद्या नाही गेलीस तर?"

"आत्या, ऊन आहे, वारा नाही, सुट्टी आहे. उद्या नाही तर कधी?"

शनिवार, २३ मे

सकाळ. फळा लिहून आले आहे.

पाण्याच्या कडेला खूप वेळ बसून राहिले. समुद्र ताटासारखा सपाट. कोणी म्हणालं असतं, आज काही नाही. मी उठले नाही. शेवटी सेट आला. ताठ उभी राहिले तरी डोळा पुरेना. दगडावर चढले, तेव्हा तो खांद्याच्या खुणेशी आला. पुढच्या सेटची वाट पाहिली. तोही खांदा, वर चार बोटं.

लाट खांदा. दोन सेटमध्ये खूप वेळ. मधे समुद्र सपाट दिसेल, फसू नये. वारा नाही. ओढ बांधाजवळ, जोराची. ऊन फार कडक.

आज प्रथमच लिहिलेलं पुसून पुन्हा लिहिलं नाही. खांदा लिहिलं आहे, म्हणजे शिकवणी होणार नाही. भाची वैतागेल, वैतागू दे. घरी जाऊन पडते जरा.

रविवार, २४ मे

भाची शुद्धीवर आहे, बोलते आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

काल डोळा लागला होता. शिट्टीची शिट्टी ऐकून उठले. ती एकदा वाजली तर कोणी दुसऱ्याच्या वाटेत येतंय एवढाच अर्थ असतो. काल थांबतच नव्हती. पायऱ्यांपाशी पोचले तर खाली भावजयीचे सगळे नवशिके पाण्यात, छातीइतक्या पाण्यात रांगेने, आणि त्यांच्या मागे क्षितिजाची रेघ जाड झालेली. मी ओरडले असेन. तिथून कोणाला ऐकू जाणार?

पहिल्या लाटेत बोर्ड उडाले. दुसरीत डोकी दिसेनाशी झाली. भावजय दोघांना दंडाला धरून ओढत होती. दातांचा डॉक्टर बांधाकडे वाहत चालला होता, या वेळी त्याने हात वर केला पण ओरडला नाही. भाची त्याच्याकडे गेली. तिने आपला बोर्ड त्याच्या छातीखाली सरकवला, एवढं मी पाहिलं. मग तिसरी लाट दोघांवर फुटली. डॉक्टर वर आला. ती आली नाही.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी खाली वाळूवर पोचले आणि शिट्टीने तिला बांधाजवळून काढलं तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. वाळूवर पालथी घातल्यावर तिने पाणी ओकलं आणि खोकली. तो खोकला ऐकून मी तिथेच वाळूत बसले. 

फुप्फुसात पाणी गेलं म्हणून रुग्णालयात ठेवून घेतलं. बाकी सगळे सुखरूप. बाहेरच्या बाकावर भावजय आणि मी. तिच्या केसांत अजून वाळू होती.

"तुम्ही खांदा लिहिला होता," ती म्हणाली. "तुमचा खांदा म्हणजे कंबर. मी वजा केलं. पाणीही सपाट दिसत होतं. मला वाटलं, ताईंनी घाबरून दोन ओळी जास्त लिहिल्या."

"तो माझा खांदा नव्हता."

"म्हणजे?"

"त्याचा होता. मंगळवारी मी बांबूवरच्या खुणा बदलल्या. त्याच्या मापाच्या केल्या."

 मी वाट बघत होते, ती आता ओरडेल, हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं का नाहीत?"

बाकावर सांडलेली वाळू मी बोटाने गोळा केली. 

"त्याचं माप कुठून मिळालं तुम्हाला?"

"मागच्या खोलीतल्या सूटवरून. खूप मीठ होतं त्यात. धुऊन ठेवला."

"धुतलात?"

"वाळू होती गं, बाह्यांत..."

"मी रोज तिथे जाऊन त्याला नाक लावून उभी राहायचे, ताई." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बुधवारी गेले तर वास नव्हता. मला वाटलं, इतकाच टिकतो."

मग ती उठली आणि दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले नाही.

मंगळवार, २६ मे

भाची घरी आली. खोकते. उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "आत्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत हं."

माझ्या हातातून पेला पडला. म्हटलं, "तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस."  पोरीला काय कळणार. मग ती झोपल्यावर श्वास चालू आहे ना ते बघायला सारखी उठते आहे. दुपारी तिने डोळे मिटूनच विचारलं, "चालू आहे का, आत्या?"

दातांचा डॉक्टर फुलं घेऊन आला होता. नेहमी बडबडणारा माणूस, दारातच उभा राहिला आणि रडला. मला म्हणाला, "मी फळा वाचला होता. मीच सगळ्यांना म्हटलं, आत्या-माप आहे, चला."

भावजय माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि खोलीत जाते. फळा कोरा आहे. बांबू मी संडासामागे टाकून दिला.

शनिवार, ३० मे

आज तीच आली. मी भाजी निवडत होते. समोर बसली आणि माझ्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली.

"ताई, फळा कधी लिहिणार?"

"मी? आता?"

"शिट्टीने काल लिहिलंय, 'समुद्र आहे, डोळे उघडे ठेवा.' लोक विचारून माझा जीव खातायत."

"मला भीती वाटते गं."

"वाटू दे." तिने देठ मोडला. "त्याला कधी वाटायची नाही. 'कंबर' लिहायचा आणि पाण्यात गेलं की लाट छातीला. त्याला सगळंच थोडं लहान दिसायचं. मी त्याचा फळा वाचताना नेहमी मनात वाढवून घ्यायचे. लग्नापासून. कोणाला बोलले नाही, त्याला वाईट वाटलं असतं."

मी निवडायची थांबले.

"त्याच्यात मी मिळवायचे, तुमच्यातून वजा करते. एवढंच करत आले." ती हसायला गेली पण हसू आलं नाही. "एकदा असं लिहा की मला काहीच करावं लागू नये."

"आणि सूट?"

"सूटचं मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

"विसरणारच नाही." भाजी उचलून ती ओट्याकडे गेली. पाठमोरीच म्हणाली, "जेवायला बाहेर येऊन बसत जा. ताट झाकून झाकून कंटाळा आला मला."

रविवार, ७ जून

पायरीवर बसून लिहिते आहे. हाताला काहीतरी काम हवं.

आठवडाभर फळा लिहिते आहे. बांबू शोधून आणला, सगळ्या खुणा घासून काढल्या आणि पुन्हा माझ्या मापाच्या केल्या. मोजून झालं की तो फळ्याला टेकवून उभा ठेवते आणि फळ्यावर सगळ्यात वर लिहिते: "माप आत्याचं. शेजारी उभं राहून बघा. वजा करू नका, मिळवू नका." पहिल्या दिवशी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. आता जो तो बांबूशेजारी उभा राहतो. दातांचा डॉक्टर म्हणाला, "तुमचं डोकं माझ्या हनुवटीशी. म्हणजे डोकं लिहिलंत की मी दवाखान्यात." शिकवणीची हद्दही भावजयीने बांबूवर दाखवून दिली. त्याच्यावर एक बोट गेलं तरी बंद.

आज लाट माझ्या कमरेएवढी. वारा जमिनीकडून, हलका. ओढ बांधाजवळ, कमी. तीन सेट थांबून पाहिले.

भाची आज पहिल्यांदा पाण्यात गेली. खडू ठेवेपर्यंत ती माझ्या मागे उभी होती, मला माहीत होतं. एक मन म्हणत होतं, खांदा लिही. डोकं लिही. एक शब्द बदलला की पोरगी घरी राहील आणि कोणाला कळणारही नाही. खडू फळ्याला टेकवून कितीतरी वेळ उभी होते. "आत्या, शाई वाळली का?" म्हणाली. कंबर लिहिलं. तिने वाचलं, बांबूशेजारी उभी राहिली, स्वतःच्या मांडीवर हात ठेवून उंची पाहिली आणि गेली.

शिकवणी संपली. सगळे बाहेर आले, मी मोजले. भावजय वाळूवर बोर्ड गोळा करते आहे. भाची अजून आत आहे. तिकडून बोट वर करून दाखवलं, एकच लाट. शिट्टी उंच खुर्चीवरून मला म्हणतो आहे, "ताई, श्वास घ्या, श्वास." त्याचं ठीक आहे.

ती बोर्डवर बसली आहे, पाठ किनाऱ्याकडे. तिच्यापुढे पाणी सपाट. भावजय बोर्ड खाली ठेवून उभी राहिली.

आता लांब रेघ उठते आहे. एक. त्या रेघेमागे दुसरी. पहिली तिने सोडली. दुसरी कंबरच आहे, मी मोजली आहे, कंबरच आहे. तिने बोर्ड वळवला. हात मारते आहे.

लिहायचं थांबवते. बघायला दोन्ही डोळे लागतात.